कोड बंद, रिन्युअल बंद आणि वर रिकव्हरीची मेल: एजंटने आधी काय करायचं

प्रश्न परत एकदा थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. हे भाऊ चार वर्षं एका खासगी लाइफ इन्शुरन्स कंपनीचे एजंट होते. पर्सिस्टन्सी (विकलेल्या पॉलिसी पुढे चालू राहण्याचं प्रमाण) कमी म्हणून कंपनीने एजंट कोड टर्मिनेट केला, शेवटच्या दोन महिन्यांचं २८,७०० रुपये कमिशन अडकवून ठेवलं, रिन्युअल (जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन) बंद केलं, आणि पंधरा दिवसांनी मेल आली की रद्द झालेल्या पॉलिसींचं ६३,४०० रुपये कमिशन तुम्हीच आम्हाला परत द्या. भाऊंनी आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, ती काहीच न होता बंद झाली. आता विचारतायत की ओम्बड्समनकडे (विमा लोकपालाकडे) जाऊ, ग्राहक मंचात जाऊ, का सरळ कोर्टात केस ठोकू.

मी २००३ पासून या धंद्यात आहे, दहा वर्षं एका खासगी लाइफ कंपनीचा एजंट होतो, आता हेल्थ आणि मोटर करतो. वकील नाही. पण माझं स्वतःचं असंच भांडण झालं होतं आणि त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच एजंट मंडळींची स्टेटमेंटं घेऊन मी बसलोय, त्यामुळे जे सांगतोय ते अनुभवाचं आहे. तुमच्या ॲपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय त्यावर यातलं निम्मं उत्तर बदलू शकतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही याला एक भांडण समजताय, पण ही तीन वेगवेगळी भांडणं आहेत आणि कंपनीने ती मुद्दाम एका मेलमध्ये कालवलीत. एक, तुम्ही कमावलेलं आणि कंपनीने अडकवलेलं २८,७००. दोन, आधी दिलेलं परत मागतायत ते ६३,४००, ज्याला आता सगळे क्लॉबॅक म्हणतात. तीन, कोड गेल्यावर जुन्या पॉलिसींवर पुढे येणारं रिन्युअल. पहिल्यात तुमची बाजू बहुतेक भक्कम आहे, दुसऱ्यात अर्धी अर्धी असेल आणि तिसऱ्यात, राग मानू नका, चार वर्षांच्या एजन्सीवर मला फार आशा वाटत नाही. तिन्ही एकत्र भांडलात तर कमजोर बाजू भक्कम बाजूला पण खाली ओढते. "माझ्यावर अन्याय झाला, सगळे पैसे द्या" अशा पत्राला कंपनीचा लीगलवाला दोन ओळींत उत्तर देतो. पॉलिसी नंबर, तारीख, रक्कम टाकून चाळीस ओळींचा तक्ता पाठवला की त्याला तो अकाउंट्सला पाठवावाच लागतो, आणि तिथे आकडे हलायला लागतात.

माझंच सांगतो. २०१३ साली मी कोड सोडला तेव्हा कंपनीने ११ पॉलिसींची ४७,२०० रुपयांची रिकव्हरी काढली. माझं ३४,६०० कमिशन त्यांच्याकडे अडकलेलं होतं, ते वळतं करून वर १२,६०० भरा असं पत्र आलं. आठ दिवस नुसता चिडचिड करत होतो, बीएमला (ब्रँच मॅनेजरला) फोन करून शिव्या घालून झाल्या, तो बिचारा सहा महिन्यांपूर्वी आलेला, त्याला कोड कुणाचा तेच माहीत नव्हतं. मग बायको म्हणाली की तुझी ती लाल डायरी काढ. मी प्रत्येक पॉलिसीचा चेक नंबर, बँक आणि पावतीची तारीख डायरीत लिहायचो, जुनी सवय. रात्री जेवण झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर डायरी, पासबुक आणि तीन वर्षांची स्टेटमेंटं पसरून बसलो आणि स्केचपेनने पॉलिसी नंबरचे शेवटचे तीन आकडे जुळवत गेलो. तीन पॉलिसींचं कमिशन दोनदा कापलेलं निघालं, एकदा चेक बाऊन्स झाला तेव्हा आणि परत काही महिन्यांनी पॉलिसी कॅन्सल म्हणून मार्क झाली तेव्हा. ते झाले ९,८५०. दोन पॉलिसींत पहिला चेक परत गेला होता पण पार्टीने (ग्राहकाने) आठवड्यात डीडी दिला, पॉलिसी चालू राहिली, आणि आमचं उलटं फिरवलेलं कमिशन परत जमा कुणी केलंच नाही, ते १२,३००. उरलेल्या सहा पॉलिसी खरंच रद्द झालेल्या, त्यांचे २५,०५० माझ्याकडे निघत होते, मी ते पत्रात सरळ कबूल केलं. वर एक रिव्हाइव्ह झालेली (बंद पडून परत चालू झालेली) पॉलिसी सापडली, तिच्या थकलेल्या हप्त्यांवरचं ३,१५० कमिशन आलंच नव्हतं. म्हणजे देणं २१,९००. ३४,६०० मधून ते गेलं आणि कंपनीने मला १२,७०० दिले. १२,६०० मागत होते आणि १२,७०० देऊन मोकळे झाले, कोर्ट नाही, वकील नाही, पाच महिने आणि चार रजिस्टर पोस्ट.

यात कुणी मुद्दाम फसवत होतं असं मला वाटत नाही. सिस्टिममध्ये पैसे उलटे फिरवायचं बटण असतं, परत सरळ करायचं काम कुणाच्या तरी हाताने करावं लागतं, आणि ते कोड बंद झालेल्या माणसासाठी कोण करणार.

तर तुमचं पहिलं काम, आणि हे लगेच करा कारण पोर्टलचं लॉगिन बंद झालं नसेल तर एक दोन आठवड्यांत होईल. सगळ्या महिन्यांची कमिशन स्टेटमेंटं डाउनलोड करा, पॉलिसीनिहाय बिझनेस रिपोर्ट काढा, पर्सिस्टन्सीचा रिपोर्ट काढा. लॉगिन गेलं असेल तर लेखी मागा, मेलने आणि रजिस्टर पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पण. ब्रँचमध्ये दिलेल्या पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट. "साहेब बघतो म्हणाले" याला काही किंमत नाही.

दुसरा कागद जो बहुतेक एजंट विसरतात तो म्हणजे २६एएस, तुमच्या नावावर कापलेला टीडीएस दाखवणारं इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट. कमिशनवर कंपनी टीडीएस कापते (१९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम १९४डी), १ एप्रिल २०२५ पासून २ टक्के, त्याआधी ५ टक्के होता. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे ज्या महिन्याचं कमिशन तुम्हाला मिळालं नाही पण त्याचा टीडीएस तुमच्या २६एएसमध्ये दिसतोय, तिथे कंपनीनेच स्वतःच्या पुस्तकात ते पैसे तुमचे म्हणून लिहिलेत. माझ्या वेळी ३४,६०० साठी हेच पान कामाला आलं. ते म्हणत होते की ही रक्कम अजून ड्यूच झालेली नाही, मी २६एएसची प्रिंट जोडली, त्यानंतर तो मुद्दा परत कधी आला नाही. उलट बाजूने पण बघा, तीन वर्षांपूर्वी मिळालेल्या कमिशनवर तुम्ही इन्कम टॅक्स भरला आणि आता तेच परत मागतायत, तर रिकव्हरी या वर्षीच्या उत्पन्नातून वजा दाखवायची का कशी ते सीएला विचारून घ्या, बरेच जण तो टॅक्स तसाच सोडून देतात.

आता तीनही ढीग एकेक करून.

अडकवलेलं २८,७००. यात तत्त्व सोपं आहे, हप्ता कंपनीला मिळाला, पॉलिसी इश्यू झाली, फ्रीलूकमध्ये (पॉलिसी पटली नाही म्हणून परत करायच्या मुदतीत) परत गेली नाही, तर कमिशन तुमचं झालं. कोड नंतर बंद झाला म्हणून आधी कमावलेलं बुडत नाही. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ मध्ये एजन्सीचं पूर्ण प्रकरणच आहे, त्यातलं कलम २१९ मोबदला कधी देय होतो ते सांगतं आणि २२० सांगतं की एजंटने ज्या कामात गैरवर्तन केलं त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही. २२० नीट वाचा, "त्या कामाचा" असं आहे. एका पॉलिसीत गडबड झाली म्हणून बाकी पन्नास पॉलिसींचं कमिशन आपोआप जात नाही, लेटरमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर. कंपनी बहुतेक म्हणेल की आमचं ६३,४०० येणं आहे म्हणून हे धरून ठेवलंय. असं वळतं करून घ्यायचं कलम करारात बहुतेक असतं, पण त्यासाठी येणं आधी सिद्ध पाहिजे. म्हणून दुसरा ढीग महत्त्वाचा.

६३,४०० ची रिकव्हरी. इथे प्रत्येक पॉलिसीसमोर कारण लिहा. फ्रीलूकमध्ये परत गेलेली असेल तर वाद घालू नका, पार्टीला पैसे परत गेले म्हणजे तुमचं कमिशन पण जाणार, आता फ्रीलूक ३० दिवसांचा आहे त्यामुळे हे प्रकार वाढलेत. चेक किंवा नॅच (बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता) परत गेला असेल तर नंतर पैसे भरले गेले का ते बघा. मिससेलिंगच्या (चुकीचं सांगून विकल्याच्या) तक्रारीवरून कंपनीने पॉलिसी रद्द केली असेल तर ती तक्रार तुम्हाला कधी दाखवली का, तुमचं म्हणणं विचारलं का, ते लिहा. आणि पॉलिसी नुसती लॅप्स झाली (हप्ता न भरल्याने बंद पडली) किंवा पार्टीने सरेंडर केली (मुदतीआधी मोडली) म्हणून पहिल्या वर्षाचं कमिशन मागत असतील तर थांबा, तिथे नेमकं विचारा की कोणत्या कलमाखाली, आणि ते कलम ही पॉलिसी विकली त्या तारखेला लागू होतं का.

हा तारखेचा मुद्दा आत्ताच्या काळात फार कामाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे सरेंडर नियम आले, एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेल्या पार्टीला पण पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर व्हॅल्यू मिळायला लागली. पार्टीसाठी चांगलंच आहे, मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण कंपन्यांनी त्याचा भार थोडा एजंटकडे ढकलला, कुठे पहिल्या वर्षाचं कमिशन कमी झालं, कुठे क्लॉबॅकचं कलम आलं. एलआयसीने त्या वेळी नव्या पॉलिसींवर पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्के केलं आणि रिन्युअल ५ वरून साडेसात केलं, एजंट संघटनांनी आंदोलनं केली ते तुम्ही वाचलं असेल. तर तुमच्या कंपनीने क्लॉबॅकचं परिपत्रक कधी काढलं, ते तुम्हाला कधी पाठवलं, आणि ६३,४०० मधल्या किती पॉलिसी त्याआधीच्या आहेत ते वेगळं काढा. आज बदललेला नियम गेल्या वर्षी विकलेल्या पॉलिसीला लावता येतो का, हे करारात "कमिशन वेळोवेळी बदलण्याचा अधिकार" कसा लिहिलाय त्यावर आहे. पुढे विकायच्या पॉलिसींचे दर बदलणं वेगळं आणि देऊन झालेले पैसे मागे जाऊन काढणं वेगळं, कलम दोन्ही बोलतं का एकच बोलतं ते शब्द न् शब्द वाचा.

पूर्वी हे दर नियमातच टक्क्यानिशी छापलेले असायचे त्यामुळे भांडणं कमी होती. १ एप्रिल २०२३ पासून आयआरडीएआयने प्रॉडक्टनिहाय मर्यादा काढून टाकल्या, आता कंपनीचं बोर्ड स्वतःची कमिशन पॉलिसी ठरवतं, एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत राहून. ती बोर्डाची पॉलिसी एजंटला सहसा दाखवत नाहीत, पण पत्रात तिची मागणी जरूर करा.

जाता जाता हेल्थवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण याच प्रश्नाखाली दोघांनी विचारलंय की कमिशन अचानक पंधरा टक्क्यांनी कसं घटलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे कंपनीला एजंटच्या कमिशनवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे एजंटऐवजी स्वतः, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेनासं झालं. मग अनेक कंपन्यांनी ठरवलं की कमिशन आता जीएसटी धरून. १०० रुपयांतून १८ टक्क्यांचा जीएसटी आतून काढला की ८४ रुपये ७५ पैसे उरतात, तेच तुमचे पंधरा टक्के. टक्का तोच छापलेला, हातात कमी. याचं उत्तर पण करारातल्या त्या "वेळोवेळी बदल" वाल्या कलमातच आहे, आणि एकट्या एजंटने भांडण्यापेक्षा संघटनेने भांडायचं हे प्रकरण आहे असं माझं मत.

आता तिसरा ढीग, कोड गेल्यावरचं रिन्युअल. एलआयसीच्या एजंटांना यासाठी नियमावलीच आहे, ठराविक वर्षं एजन्सी आणि ठराविक विमा रकमेचा बिझनेस चालू असेल तर एजन्सी सुटल्यावरही रिन्युअल मिळतं, फ्रॉडचं प्रकरण असेल तर नाही, आणि एजंट वारला तर वारसांना मिळतं. पूर्वी परत नेमणूक झालेल्या एजंटला जुन्या एजन्सीच्या पॉलिसींचं रिन्युअल मिळायचं नाही, ते २०२३ च्या दुरुस्तीने मिळायला लागलं, हे बऱ्याच जुन्या मंडळींना अजून माहीत नाही. खासगीत मात्र सगळं ॲपॉइंटमेंट लेटरवर आणि कंपनीच्या पॉलिसीवर. काही ठिकाणी पाच वर्षांनंतर हक्क पक्का होतो, काही ठिकाणी कोड गेला की त्याच दिवशी बंद आणि पॉलिसी ऑर्फन (एजंट नसलेली) म्हणून दुसऱ्याच्या कोडला. तुमची चार वर्षं झालीत म्हणून म्हणलं की आशा कमी.

पण एक वाट आहे. तुम्हाला काढलं कसं ते बघा. गैरवर्तनासाठी काढायचं तर २०१६ च्या एजंट नेमणुकीच्या नियमांप्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस, तुमचं उत्तर, चौकशी, मग आदेश, आणि त्यावर कंपनीतच अपील अधिकाऱ्याकडे अपील, अशी पद्धत आहे. नुसत्या पर्सिस्टन्सीसाठी काढलं असेल तर ते करारातलं टार्गेटचं कलम आहे, मग टर्मिनेशनच्या पत्रात गैरवर्तनाचा शब्द आहे का बघा. नसेल तर फार चांगलं, कारण रिन्युअल जप्त करायची बरीच कलमं फ्रॉड किंवा गैरवर्तन झालं तरच लागतात. पर्सिस्टन्सीचा आकडा पण तपासून घ्या. तुम्ही लिहिलंय की तुमच्या पार्ट्या बहुतेक शेतकरी. आमच्याकडे पण निम्म्या पार्ट्यांचा हप्ता ऊसबिलावर असतो, ड्यू डेट सप्टेंबरची, ग्रेसचे ३० दिवस ऑक्टोबरात संपतात आणि कारखान्याचं पहिलं बिल डिसेंबरात पडतं. पार्टी जानेवारीत व्याजासकट भरते, पॉलिसी रिव्हाइव्ह होते, पण तेराव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये ती आधीच लॅप्स म्हणून मोजली गेलेली असते. अशा किती आहेत ते मोजा. माझ्या ओळखीच्या एकाचा रिपोर्ट ६१ टक्के दाखवत होता, रिव्हायव्हल धरल्यावर ७४ निघाला. (यातून पुढचा धडा एवढाच की शेतकरी पार्टीची ड्यू डेट फेब्रुवारी मार्चात घ्यायची, पण ते झालं आता.)

आता कुठे जायचं. बीमा भरोसा आणि ओम्बड्समन दोन्ही पॉलिसीधारकांसाठी आहेत. पुण्याचं असो मुंबईचं असो, ओम्बड्समन एजंटच्या कमिशनचा वाद ऐकत नाही, त्यामुळे तुमची तक्रार बंद झाली त्यात आश्चर्य नाही. ग्राहक आयोगात पण तुम्ही कंपनीचे ग्राहक ठरत नाही, उलट तुम्ही तिला सेवा देत होतात. लेबर कोर्टाचं कुणी सुचवलं असेल तर एजंट हा कर्मचारी नसतो. आयआरडीएआयला पत्र लिहायला हरकत नाही पण ते हिशेब सोडवून देत नाहीत, नियम मोडल्याचं प्रकरण असेल, म्हणजे चौकशी न करता गैरवर्तनाचा शिक्का मारला किंवा दुसऱ्या कंपनीत जायला लागणारं सेसेशन सर्टिफिकेट (एजन्सी संपल्याचा दाखला) अडवून ठेवलं, तर तेवढ्यापुरतं कळवा. ते सर्टिफिकेट अडवणं हा दबाव टाकायचा नेहमीचा प्रकार आहे, "आधी रिकव्हरी भरा मग देतो", तसं म्हणत असतील तर ते मेलवर म्हणायला लावा. एलआयसीचे एजंट असाल तर एलआयसी ही घटनेच्या हिशेबाने सरकारी संस्था धरली जाते म्हणून हायकोर्टात रिट करता येते, खासगी कंपनीविरुद्ध तो मार्ग धरू नका.

मग उरतं कंपनीला सविस्तर मागणीपत्र, त्यानंतर वकिलाची नोटीस, आणि मग करारात असेल तर लवाद नाहीतर दिवाणी दावा. मागणीपत्रात व्याजाची मागणी आणि ते कोणत्या तारखेपासून मागताय हे जरूर लिहा, इंटरेस्ट ॲक्ट १९७८ प्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येतं, लिहिलंच नसेल तर नंतर रडून उपयोग नाही. लवादाचं कलम असेल आणि कंपनी म्हणत असेल की लवाद आम्हीच एकटे नेमणार, तर सुप्रीम कोर्टाने असं एकतर्फी नेमणं अमान्य ठरवलंय, वकिलाला दाखवा. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि प्रत्येक महिन्याच्या कमिशनची आपली आपली, म्हणून "चर्चा चालू आहे" म्हणत वर्षं घालवू नका. दावा ३ लाखांच्या वर जात असेल तर तो कमर्शियल कोर्टात जाऊ शकतो आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे.

तुमची रक्कम मात्र एवढी नाही. २८,७०० घ्यायचे आणि ६३,४०० चं तोंड बंद करायचं, एवढ्यासाठी वकिलाची फी, तारखा, आणि करारात "फक्त मुंबईची कोर्टं" लिहिलं असेल तर दर तारखेला मुंबईची वारी, हे मी स्वतः केलं नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीचा अर्ज करा, कोर्ट फी नाही, कंपनीला नोटीस जाते, आणि लहान रकमेत कंपन्यांचे वकील बऱ्याचदा तडजोड करायला येतात कारण त्यांना पण तारखा नको असतात. आले नाहीत तर तुमचं काही गेलं नाही, नोटीस मात्र रेकॉर्डवर राहते.

हे सगळं करायच्या आधी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा, इथे उत्तर देऊ नका, मनात द्या. पार्टीला पहिल्या हप्त्यात काही सूट दिली होती का? आपल्या धंद्यात किती जण देतात ते सगळ्यांना माहिती आहे. इन्शुरन्स ॲक्टच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट द्यायला मनाई आहे आणि दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही कंपनीला नोटीस पाठवली की कंपनी तुमच्या पार्ट्यांना फोन लावणार, आणि एखाद्याने "हो, दादांनी पाच हजार परत दिले होते" म्हणलं की गैरवर्तनाचा शब्द, जो आत्ता तुमच्या पत्रात नाही, तो उगवतो. तसंच कोड कुणाच्या नावावर आहे? बायकोच्या नावावर कोड आणि धंदा नवऱ्याचा हे घरोघरी आहे, पण पत्र, नोटीस, दावा सगळं ज्याच्या नावावर कोड त्याच्याच सहीने जायला हवं, आणि समोरच्याने विचारलं की ही पॉलिसी कुणी समजावून सांगितली तर उत्तर तयार पाहिजे.

सेल्स मॅनेजरने तोंडी कबूल केलेल्या गोष्टींबद्दल पण तुम्ही लिहिलंय, क्वार्टरला पाच लाखांचा नवा बिझनेस कंपनीत दाखल केला तर जादा दीड टक्का आणि सोन्याचं नाणं. कॉन्टेस्टचं परिपत्रक असेल तरच ते धरा. व्हॉट्सॲपवर त्याने लिहिलं असेल तर नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन जपून ठेवा, इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात न्यायचा तर ठराविक प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ साधन हातात असलेलं बरं. तो मॅनेजर तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, त्याच्याकडून आता "हो मी म्हणालो होतो" अशी मेल मिळाली तर नशीब समजा.

एक वेगळं पण याच्याशीच जोडलेलं. आमचे एक ज्येष्ठ एजंट मित्र २०२० साली गेले. तीस वर्षांचा बिझनेस, दर महिन्याला चांगलं रिन्युअल. एजन्सीला नॉमिनी त्यांची आई, ती त्यांच्या आधीच वारलेली, आणि बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर लोकांना नॉमिनी नीट लिहा म्हणून सांगणारा माणूस. वहिनींना वारस दाखल्यापासून सगळं करावं लागलं आणि पैसे सुरू व्हायला १४ महिने गेले. ज्यांचा कोड चालू आहे त्यांनी एजन्सीचं नॉमिनेशन आजच उघडून बघा.

आता भाऊ, तुम्ही करा एवढंच की लॉगिन चालू असेल तोवर स्टेटमेंटं काढा आणि ६३,४०० च्या यादीतल्या प्रत्येक पॉलिसीसमोर विक्रीची तारीख, रद्द होण्याचं कारण आणि किती वेळा कापलं ते लिहा. आणि ॲपॉइंटमेंट लेटरमधलं टर्मिनेशनचं आणि कमिशनचं कलम, नाव आणि कोड झाकून, जसंच्या तसं इथे टाइप करून टाका. फोटो नको, अक्षर लागत नाही मला आता. ते वाचल्यावर तिसऱ्या ढिगाबद्दल मी वर जे म्हणलं ते बदलायचं का ते सांगतो.